दारात वायुनौका बांधणारा माणूस

२३ जून १९०३. पॅरिसच्या शाँझेलिझे या राजमार्गावर सकाळची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. वॉशिंग्टन रस्त्याच्या कोपऱ्यावरील एका इमारतीसमोर आकाशातून एक छोटीशी वायुनौका अलगद खाली उतरली. तिच्या टोपलीतून किरकोळ अंगयष्टीचा, काटेकोर पोशाख केलेला एक ठेंगणा गृहस्थ बाहेर पडला. वायुनौकेचा दोर त्याने आपल्या माणसांच्या हाती दिला, जिना चढून तो घरात गेला आणि शांतपणे कॉफी प्याला. थोड्या वेळाने तो खाली आला, पुन्हा टोपलीत चढला आणि आला तसाच हवेतून निघून गेला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा अजून सहा महिने अवकाश होता.

हे गृहस्थ होते अल्बर्टो सांतोस द्युमाँ. विमानविद्येच्या इतिहासात त्यांचे नाव अनेक कारणांनी घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट कोणत्याही विक्रमाच्या यादीत बसत नाही. मोटारगाडी वापरावी तशी आकाशात उडणारी गाडी रोजच्या जीवनात वापरून दाखवणारा हा पहिला माणूस. आपण जे करतो ते उद्या कोणीही करू शकेल, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. ती श्रद्धा कुठवर खरी ठरली आणि कुठे कोसळली, याची कहाणी म्हणजेच त्यांचे चरित्र होय.

सांतोस द्युमाँ यांचा जन्म २० जुलै १८७३ रोजी ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतात झाला. वडील एन्रिके द्युमाँ हे अभियंते. पुढे त्यांनी साओ पाउलो प्रांतात कॉफीचे विस्तीर्ण मळे उभे केले आणि कॉफीचे सम्राट म्हणून ते ओळखले जाऊ लागले. मळ्यांतून कॉफी वाहून नेण्यासाठी त्यांची स्वतःची रेल्वे होती. आठ भावंडांतील सहावा असलेला अल्बर्टो लहानपणी खेळण्यांपेक्षा यंत्रांमध्येच अधिक रमे. सातव्या वर्षी तो मळ्यातील वाफेच्या गाड्या चालवू लागला आणि बाराव्या वर्षी त्याच्या हाती रेल्वेचे इंजिन आले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांनी त्याच्या मनात आकाशाची ओढ निर्माण केली. यंत्र कितीही मोठे असले तरी ते एका माणसाच्या हाताने चालवता येते, हा विश्वास मात्र त्याला या मळ्यानेच दिला.

घोड्यावरून पडून वडिलांना अर्धांगवायू झाला आणि उपचारांसाठी १८९१ मध्ये कुटुंब युरोपला आले. पॅरिसमधील एका प्रदर्शनात पेट्रोलवर चालणारे इंजिन पाहून अल्बर्टो भारावून गेला. ब्राझीलला परतताना त्याच्यासोबत प्यूजो कंपनीची मोटारगाडी होती. पुढच्याच वर्षी वडिलांनी या अठरा वर्षांच्या मुलाला कायद्याने स्वतंत्र केले, त्याच्या वाट्याची संपत्ती त्याच्या हवाली केली आणि पॅरिसला जाऊन यंत्रशास्त्राचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. पोटापाण्याची चिंता नसलेला, यंत्रांनी झपाटलेला हा तरुण पॅरिसचाच होऊन गेला.

त्या काळी आकाशात जायचे तर बलून हे एकमेव साधन होते आणि बलून वारा नेईल तिकडे जात असे. १८९८ मध्ये सांतोस द्युमाँ प्रथम बलूनमधून उडाले आणि काही महिन्यांतच त्यांनी जपानी रेशमाचा एक इवलासा बलून स्वतःसाठी तयार करवून घेतला. त्याला त्यांनी मायदेशाचे नाव दिले. मग त्यांच्या मनात एक धाडसी कल्पना आली. तीन चाकांच्या मोटारसायकलीचे हलके पेट्रोल इंजिन त्यांनी हायड्रोजनने भरलेल्या लांबट बलूनखाली टांगले. ज्वालाग्राही वायूखाली ठिणग्या उडवणारे इंजिन म्हणजे साक्षात मृत्यूला निमंत्रण, असे जाणकारांचे मत होते. सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांची पहिली वायुनौका हवेत गेली आणि बलूनला हवे तिकडे वळवता येते, हे पॅरिसकरांनी पाहिले.

पेट्रोलच्या व्यवसायातील धनिक आंरी द्यच द ला म्यूर्त यांनी १९०० मध्ये एक लाख फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. सेंट क्लूडच्या मैदानावरून निघायचे, आयफेल टॉवरला वळसा घालायचा आणि तीस मिनिटांच्या आत परत यायचे, अशी त्याची अट होती. ८ ऑगस्ट १९०१ रोजी सांतोस द्युमाँ यांची पाचवी वायुनौका या प्रयत्नात त्रोकादेरो भागातील एका हॉटेलच्या इमारतीवर आदळून फाटली. भिंतीलगत लटकलेल्या सांगाड्यातून अग्निशामक दलाच्या जवानांनी त्यांना सोडवले. त्यांनी लगेच सहावी वायुनौका बांधायला घेतली. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी तिने टॉवरला वळसा घातला. शर्यतीची रेषा त्यांनी वेळेत ओलांडली, पण खाली उतरून दोर हाती देईपर्यंत मुदतीवर काही सेकंद उलटले होते. परीक्षकांत वाद झाला आणि पॅरिसच्या जनतेने सांतोस द्युमाँ यांची बाजू उचलून धरली. अखेर पारितोषिक त्यांनाच मिळाले. ती रक्कम त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना आणि शहरातील गोरगरिबांना वाटून टाकली. त्यातून कित्येक कारागिरांची सावकाराकडे गहाण पडलेली अवजारे सुटली.

त्यानंतर ते साऱ्या युरोपचे लाडके झाले. त्यांची उंच कॉलर आणि खाली झुकवलेली पनामा टोपी यांचे अनुकरण होऊ लागले. हवेत असताना खिशातून घड्याळ काढणे अवघड जाते, ही त्यांची अडचण ऐकून त्यांचे मित्र, जवाहिरे लुई कार्तिए यांनी १९०४ मध्ये त्यांच्यासाठी मनगटावर बांधायचे घड्याळ तयार केले. त्यांच्या नावाची घड्याळे ती पेढी आजही विकते. घरात त्यांनी उंच पायांची मेजे आणि खुर्च्या करवून घेतल्या होत्या. पाहुण्यांनी जमिनीपासून वर बसून जेवावे, अशी त्यांची हौस!

पण त्यांच्या मनात खरी जागा होती ती नवव्या वायुनौकेला. शाँझेलिझेवर उतरली ती हीच. आधीच्या वायुनौका शर्यतीसाठी होत्या. ही फिरण्यासाठी होती. तिची लांबी अकरा-बारा मीटर, इंजिन तीन अश्वशक्तीचे आणि वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. लांबलचक दोर जमिनीवर लोळत ठेवून ते घरांच्या छपरांच्या उंचीवरून रस्त्यांवर विहार करीत, बागेतल्या उपाहारगृहापाशी उतरत आणि पुन्हा हवेत जात. एकदा उड्डाणात इंजिनाजवळ पेट्रोलने पेट घेतला, तेव्हा त्यांनी डोक्यावरची पनामा टोपी काढून ती आग विझवली. हे यंत्र आपल्याशिवाय इतरांनाही चालवता येते, हे त्यांना सिद्ध करायचे होते. जून १९०३ च्या अखेरीस त्यांनी आयदा द अकोस्ता या अमेरिकी तरुणीला केवळ तीन धडे देऊन नवव्या वायुनौकेत एकटीलाच पाठवले. स्वतः ते खालून सायकलवरून खाणाखुणा करीत होते. इंजिनाचे उड्डाणयंत्र चालवणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. मुलीचे नाव वर्तमानपत्रांत झळकणे तिच्या आईवडिलांना मानवले नाही आणि हा पराक्रम पुढे अनेक वर्षे झाकलेलाच राहिला.

तीन धड्यांत आकाश हाती येते, तर ते प्रत्येकाच्याच हाती का येऊ नये? पॅरिसकरांना तेव्हा हा प्रश्न अगदी स्वाभाविक वाटला. दहावी वायुनौका तर त्यांनी प्रवाशांच्या बसच्या कल्पनेने बांधली होती. पण नवव्या वायुनौकेमागे काय उभे होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. न्यूई येथे तिच्यासाठी प्रचंड शेड बांधलेली होती. तिथे हायड्रोजन पुरवण्याची सोय होती आणि दोर धरायला, बलूनची शिवण तपासायला, इंजिन नीट राखायला पगारी माणसे होती. वारा जरा वाढला की वायुनौका शेडबाहेर काढता येत नसे. म्हणूनच ते पहाटे किंवा निवांत हवेत उडत. शिवाय त्या वेळी साऱ्या पॅरिसच्या आकाशात अशी वायुनौका एकच होती. शंभर जणांनी एकाच सकाळी शाँझेलिझेवर उतरायचे ठरवले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हा उद्भवलाच नाही.

बलूनच्या या मर्यादा सांतोस द्युमाँ यांनी स्वतः ओळखल्या आणि ते हवेपेक्षा जड यंत्राकडे वळले. २३ ऑक्टोबर १९०६ रोजी बागातेलच्या मैदानावर त्यांचे ‘चौदा बिस’ हे विमान स्वतःच्या चाकांवर धावत जाऊन सुमारे साठ मीटर उडाले. १२ नोव्हेंबरला त्याने २२० मीटर अंतर साडेएकवीस सेकंदांत कापले आणि या उड्डाणाची अधिकृत विक्रम म्हणून नोंद झाली. राइट बंधू डिसेंबर १९०३ मध्येच उडाले होते. मात्र त्यांनी आपले काम दीर्घकाळ लोकांपासून दूर ठेवले होते. युरोपला त्यांचे कौशल्य दिसले ते ऑगस्ट १९०८ मध्ये, विल्बर राइट यांनी फ्रान्समध्ये उड्डाणे केली तेव्हा. आपल्या विमानापेक्षा ते यंत्र किती पुढे गेलेले आहे, हे त्या दिवसांत सर्वांनाच उमगले. विमानाचा पहिला मान कोणाचा, हा वाद ब्राझीलमध्ये आजही मोठ्या अभिमानाने घातला जातो.

या धक्क्यातून सांतोस द्युमाँ यांनी वेगळीच वाट काढली. मोठे आणि बलवान विमान बांधण्याऐवजी ते अधिक लहान, अधिक हलके, अधिक स्वस्त विमान बांधू लागले. १९०७ ते १९०९ या काळात आकाराला आलेल्या या विमानाचे नाव ‘डेमॉइझेल’. फ्रेंच भाषेत हा शब्द तरुणीसाठी वापरतात, तसाच चतुराच्या जातीतील एका नाजूक कीटकासाठीही. बांबूचा सांगाडा, रेशमी पंख, पंखांचा विस्तार साडेपाच मीटरच्या आसपास आणि वजन सुमारे ११० किलो. चालक पंखाखाली, चाकांच्या मधोमध बसे. मोटारगाडीवर लादून ते हवे तिथे नेता येई. सप्टेंबर १९०९ मध्ये या विमानाने सेंट सीर ते ब्यूक हे आठ किलोमीटरचे अंतर पाच मिनिटांत पार केले. त्याच महिन्यात एका संध्याकाळी ते विदव्हिल येथील प्रासादाच्या हिरवळीवर जाऊन उतरले आणि यजमानांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतले. इकडे विमान बेपत्ता झाले म्हणून लोक त्यांना शोधत होते!

याच सुमारास त्यांनी घेतलेला निर्णय त्यांच्या स्वभावाचा कळस म्हणावा लागेल. राइट बंधू एकस्वासाठी न्यायालयात झगडत असताना सांतोस द्युमाँ यांनी डेमॉइझेलचे आराखडे सर्वांना मोफत खुले केले. १९१० मध्ये एका अमेरिकी मासिकाने ते सविस्तर प्रसिद्ध केले. ज्याला वाटेल त्याने हे विमान घरी बांधावे आणि उडावे. क्लेमाँ बायार कारखान्याने त्याचे उत्पादन हाती घेतले. शंभर विमानांची योजना होती, पन्नास बांधली गेली. पण साडेसात हजार फ्रँक मोजून ती घेणारे जेमतेम पंधरा ग्राहक मिळाले.

असे का व्हावे? आराखडा फुकट होता, पण कौशल्य फुकट नव्हते. डेमॉइझेल हलके होते कारण त्याच्या मालकाचे वजनच सुमारे पन्नास किलो होते. धिप्पाड माणसाला घेऊन ते नीट उडत नसे. पंख छोटे असल्याने वेग जरा कमी झाला की ते खाली येई आणि वाऱ्याचा लहानसा झोतही त्याला हेलकावे देई. पुढे भूमध्य समुद्र ओलांडणारे रोलाँ गारोस याच यंत्रावर उडायला शिकले. पण गारोस हे काही सामान्य चालक नव्हते. मोटारगाडीत बिघाड झाला तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशाला कडा नसते. वैयक्तिक विमानाचे कोडे या एका वाक्यात सामावलेले आहे. यंत्र कितीही सोपे केले, तरी चूक माफ करण्याची जमिनीची उदारता हवेत आणता येत नाही.

हा अनुभव खुद्द सांतोस द्युमाँ यांनाच आला. ४ जानेवारी १९१० रोजी उड्डाणात डेमॉइझेलची एक तार तुटली, पंख दुमडला आणि ते विमानासह खाली कोसळले. जिवावरचे संकट टळले. पण चालक म्हणून त्यांचे ते अखेरचे उड्डाण ठरले. त्याच वर्षी हातापायांवरचा ताबा ढळणे, दृष्टी दुहेरी होणे अशा तक्रारींनी त्यांना ग्रासले. डॉक्टरांनी मज्जासंस्थेच्या असाध्य विकाराचे निदान केले. या निदानाबद्दल पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. कार्यशाळा बंद झाली आणि अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे आकाश संपले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा ते फ्रान्सच्या समुद्रकिनारी राहत होते आणि दुर्बिणीतून तारे पाहणे हा त्यांचा विरंगुळा होता. शेजाऱ्यांना तो जर्मनांचा हेर वाटला. पोलिसांनी घराची झडती घेतली. ज्या देशाला आपले सारे कर्तृत्व वाहिले, त्याच देशाने असा संशय घ्यावा, हे त्यांच्या जिव्हारी लागले आणि त्यांनी आपली सर्व कागदपत्रे जाळून टाकली. पुढे ते ब्राझीलला परतले. १९१८ मध्ये पेत्रोपोलिसच्या टेकडीवर त्यांनी स्वतः आखलेले एक चिमुकले घर बांधले. जागा वाचवण्यासाठी तिथल्या जिन्याच्या पायऱ्या अर्ध्या कापलेल्या आहेत. जिना चढताना पहिले पाऊल उजवेच टाकावे लागते.

युद्धात विमानांनी काय केले, ते त्यांनी पाहिले होते. एके काळी त्यांनी स्वतःच आपल्या वायुनौका फ्रान्सच्या युद्ध खात्याला देऊ केल्या होत्या. ती आठवण त्यांना सुखाची राहिली नाही. १९२६ मध्ये त्यांनी राष्ट्रसंघाकडे युद्धात विमानांच्या वापरावर बंदी घालण्याची विनंती केली. तिचा उपयोग झाला नाही. ३ डिसेंबर १९२८ रोजी ते बोटीने रिओला पोहोचत असताना त्यांच्या स्वागतासाठी एक सागरी विमान आकाशात गेले. त्या विमानाला त्यांचेच नाव दिलेले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ते समुद्रात कोसळले आणि आतील सर्व जण मृत्युमुखी पडले. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंत्ययात्रेत ते चालत गेले.

जुलै १९३२ मध्ये साओ पाउलो प्रांताने केंद्र सरकारविरुद्ध उठाव केला आणि ब्राझीलची विमाने ब्राझीलच्याच माणसांविरुद्ध वापरली जाऊ लागली. सांतोस द्युमाँ तेव्हा ग्वारुजा या किनाऱ्यावरील गावी होते. एकोणसाठावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले असताना, २३ जुलै १९३२ रोजी, त्यांनी आपले जीवन संपवले. दीर्घ आजारपण आणि नैराश्य त्यांच्या सोबतीला होतेच. मृत्यूचे खरे कारण सरकारने पुष्कळ काळ लोकांपुढे येऊ दिले नाही. त्यांचे हृदय डॉक्टरांनी जतन करून ठेवले होते. ते आज रिओ येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आहे आणि शहरातील एका विमानतळाला त्यांचे नाव आहे.

त्यांच्या मागे त्यांचे स्वप्न मात्र वारंवार जिवंत होत राहिले. मोटारगाडी घरोघर पोहोचवणाऱ्या हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये एका माणसाचे छोटे विमान सादर केले. ते चालवणारे तरुण वैमानिक हॅरी ब्रूक्स १९२८ मध्ये समुद्रात कोसळून मरण पावले आणि फोर्ड यांनी तो नाद सोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘एरकूप’ हे मोटारीसारख्या चाकाने वळवता येणारे विमान एकाच वर्षात चार हजारांहून अधिक खपले, पण लगेचच मागणी ओसरली. मोल्ट टेलर यांच्या ‘एरोकार’ या रस्त्यावरही धावणाऱ्या विमानाला १९५६ मध्ये सरकारी प्रमाणपत्र मिळाले. तरी त्याच्या मोजक्याच प्रती बनल्या. मोटारीपेक्षा महाग, विमानापेक्षा मंद आणि हवामानापुढे दोन्हींहून लाचार, अशी या यंत्रांची गत झाली. त्यातच खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते. सुट्टीपुरता उडणारा माणूस हे कौशल्य मिळवतो, पण ते टिकवणे त्याला कठीण जाते.

आता विजेवर उडणाऱ्या, संगणकाने तोल सांभाळणाऱ्या यंत्रांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. चालकाचे कौशल्य यंत्राकडे सोपवले, तर सामान्य माणसाची अडचण दूर होईल, असा त्यांचा दावा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये व्होलोकॉप्टर या जर्मन कंपनीच्या हवाई टॅक्सीतून प्रवाशांना नेण्याची घोषणा झाली होती. वेळेत प्रमाणपत्र मिळाले नाही आणि स्पर्धेच्या अखेरीस व्हर्सायजवळ, प्रवाशांविना, केवळ प्रात्यक्षिक झाले. उड्डाणासाठी निवडलेले मैदान होते सेंट सीर. सांतोस द्युमाँ यांचे डेमॉइझेल ११५ वर्षांपूर्वी तिथूनच उडत असे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

सेंट सीरच्या त्या मैदानावर दोन्ही वेळा अडसर एकच होता. यंत्र उडते का, हा प्रश्न सांतोस द्युमाँ यांनी आपल्या हयातीतच निकालात काढला होता. ते चुकले तर काय, त्याला उतरवणार कुठे आणि त्याची देखभाल कोण करणार, हे प्रश्न मात्र राहून गेले. न्यूईच्या शेडमधील पगारी माणसे आणि पहाटेची निवांत हवा या दोन गोष्टी जोवर प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, तोवर दारात विमान बांधणे ही एकट्यादुकट्याचीच चैन राहणार. कॉफीच्या मळ्यांवर वाढलेल्या त्या माणसाने ही चैन मनसोक्त भोगली आणि मग तिचे आराखडे जगाला फुकट वाटून टाकले. अपयश पदरी पडूनही त्याच्या या उदारपणाचे मोल कमी होत नाही.